पार्श्वभूमी : विंडोजमध्ये मराठी होतीच, दिसत मात्र नव्हती

आज विंडोजवर मराठी लिहायला काहीही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडायची, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून कीबोर्ड बदलायचा आणि लिहायला लागायचं. तरीही अनेक ठिकाणी 'आधी मराठीचं सॉफ्टवेअर टाकून द्या' ही मागणी अजून ऐकू येते. ही सवय कशी लागली, ते पाहायला नव्वदच्या दशकात जावं लागतं.

तेव्हाच्या विंडोजला देवनागरी कळतच नव्हती. मग श्रीलिपी, आकृती, सी-डॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम अशी पॅकेजं आली. त्यांचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवत. पडद्यावर 'क' दिसायचा, फाइलमध्ये मात्र भलतंच इंग्रजी अक्षर साठायचं. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, आणि याच फॉन्टांनी मराठीतले दिवाळी अंक, पुस्तकं, लग्नपत्रिका छापल्या. ते ऋण मोठं आहे. पण प्रत्येक पॅकेजची अक्षरांची मांडणी वेगळी होती. माझ्या वडिलांनी गावच्या देवळाचा इतिहास अशाच एका पॅकेजात टाइप करून घेतला होता. काही वर्षांनी फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. छापील प्रत कपाटात होती म्हणून सगळा मजकूर पुन्हा टाइप करता आला. टायपिंगच्या सोयीपेक्षा मला हा प्रश्न नेहमीच मोठा वाटत आला आहे: लिहिलेलं उद्या वाचता येईल का?

खरं तर पाया आधीच घातला गेला होता. 1991 साली संगणकात भारतीय लिप्यांच्या अक्षरांना द्यायच्या संकेतांचं 'इस्की' हे मानक आयएस 13194 या क्रमांकाचं भारतीय मानक म्हणून मान्य झालं आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डची मांडणीही त्यात आली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'वर क, शिफ्टसह ख. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली. तिच्यातल्या देवनागरीची रचना इस्कीच्या 1988च्या आराखड्यावरच बेतलेली होती.

विंडोज 2000मध्ये युनिकोड देवनागरी, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फॉन्ट हे सगळं सोबतच मिळालं. मग लोकांना ते कळलं का नाही? मला याचं उत्तर एका चौकटीत सापडतं. घरोघरी पोचलेल्या विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनलच्या 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या, म्हणजे देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिप्यांच्या, चौकटीत टिक करावी लागे. टिक केली की बहुतेकदा एक्सपीची सीडी मागितली जाई, आणि ती सीडी असायची संगणक जोडून देणाऱ्याकडे. टिक नसेल तर 'किल्ला' शब्दाची वेलांटी क-च्या पुढे जाऊन पडायची आणि जोडाक्षर फुटून ल् आणि ल वेगळे दिसायचे. हे पाहून कुणीही म्हणणारच, की विंडोजला मराठी जमत नाही. 2007च्या विंडोज व्हिस्टापासून ही टिक करायची गरजच उरली नाही.

दुसरी अडचण खास मराठीची होती. 'ॲप', 'ॲसिड' यांतला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली, 5.1 आवृत्तीत आला. तोवर अ-वर चंद्र चढवावा लागे आणि पुष्कळ फॉन्टांत तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. हिंदीचा ऍ होता, पण मराठी डोळ्याला तो खटकतो.

तिसरी अडचण सवयीची. 'एम' दाबून म उमटवणाऱ्यांना इनस्क्रिप्ट परकं वाटायचं, म्हणून ते उच्चारानुसार टाइप करू देणारी बाहेरची साधनं टाकून घ्यायचे. विंडोज 10च्या मे 2019च्या आवृत्तीत मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड आले आणि तेही कारण संपलं.

अक्षरांच्या वळणाचं काम मात्र अजून बाकी आहे. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. 'मंगल'मध्ये 'लोकशाही' लिहिलं, की ही दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची उमटतात.