चौरंगाएवढं आकाश

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान होतं. पुढे भाड्यानं सायकली, मागच्या खोलीत भाड्यानं टीव्ही गेम. अर्ध्या तासाचे पैसे मोजायचे आणि विमान लावायचं. गेमचं नाव '1942', पण ते कुणी घेत नसे. 'विमान लाव' एवढं पुरायचं. ऐन गर्दीत शत्रूची विमानं लुकलुकायला लागायची, एखादी गोळी मधेच दिसेनाशी व्हायची आणि आपलं विमान फुटायचं. मग कॅसेट काढून तिच्यात फुंकर. दुकानदार आतून ओरडायचा, "थुंकी उडवू नकोस रे तिच्यात!"

कॅसेट बिचारी निर्दोष होती. आपल्याकडे मिळणारे ते डबे म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम-यंत्राच्या नकला. त्यातली चित्र काढणारी चिप पडद्यावर एका वेळी 64 हलते तुकडे ठेवू शके, पण एका आडव्या ओळीत फक्त 8. तुकडा 8 ठिपके रुंद. 16 ठिपक्यांच्या विमानाला एका ओळीत दोन तुकडे लागतात, म्हणजे चार विमानं शेजारी शेजारी आली की त्या ओळीचा कोटा संपला. नववा तुकडा चिप काढतच नसे. एकच विमान कायमचं गायब होऊ नये म्हणून प्रोग्रामर दर चित्राला वगळायचा तुकडा बदलत राहायचे, आणि आपल्याला सगळंच लुकलुकताना दिसायचं. गोळी दिसत नसली तरी हिशेबात मात्र असायची. आम्ही मरायचो ते खरंच अन्यायानं.

हा गेम मुळात 1984 साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं नाण्यांच्या मशीनसाठी काढला. खेळणाऱ्याच्या हाती दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन पी-38 विमान आणि समोर सगळी जपानी विमानं. जपान्यांनी हे कसं काय केलं, हे कोडं मला आजही आहे. आपलं विमान पडद्याच्या चौकटीतच फिरतं, खालची जमीन सरकते. आणि एक बटण होतं, ते दाबलं की विमान कोलांटी मारून गोळ्यांच्या वरून जायचं. मोजून तीन वेळा. कोलांटी मारताना विमानाचं चित्र मोठं व्हायचं, जणू ते पडद्यातून आपल्याकडे आलंय. त्या सपाट खेळाला उंची होती ती एवढीच, क्षणभराची.

माझा भाचा इंजिनियरिंगला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यानं असाच विमानांचा खेळ व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, करायला घेतला आणि चाचणीसाठी घरातलं जुनं गिऱ्हाईक म्हणून मला पकडलं. हेडसेट बघून आई म्हणाली, "ही तर टांग्याच्या घोड्याची झापडं." पहिल्या आवृत्तीत त्यानं मला थेट कॉकपिटमध्ये बसवलं. मी सवयीनं हातातली काडीच दाबत होतो. "मामा, काय करालास? मान वळव की!" मान वळवली, विमान वळलं, क्षितिज तिरकं झालं आणि मिनिटाभरात मी डोळे मिटून कपाटाला धरून उभा.

बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जाताना पोट ढवळतं, त्याचीच ही उलटी बाजू. बसमध्ये मोबाईल बघत बसलात तर डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि त्यांच्या शेजारच्या बारीक खड्यांच्या पिशव्या म्हणतात वळणं चालली आहेत. व्हीआरच्या कॉकपिटमध्ये डोळे म्हणतात उडतोय, कान म्हणतो खुर्चीत बसलोय. दोघांचं पटत नाही आणि भरपाई पोटाला. 2016 साली कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांनी दाखवलं की हालचाल होताना दृश्याच्या कडा हळूच काळ्या करत नेल्या तर त्रास कमी होतो. बरेच खेळ आज हा उपाय वापरतात. पण विमानाच्या खेळात कडा झाकल्या तर बाजूनं येणारा शत्रूही झाकला जातो.

पोटाचं सोडा. मला जास्त खटकलं ते दुसरंच. वीस वर्षं ज्या खेळात मी तरबेज होतो, त्यात मला एकही गोळी चुकवता येईना. कारण शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. वरून बघताना गोळीचा रस्ता दिसतो: ती कुठून निघाली, माझी वाट कुठं कापणार. कॉकपिटमधून बघताना हे सगळं उलटतं. जी गोळी मला लागणार नाही ती नजरेसमोरून डावी-उजवीकडे सरकते, आणि जी लागणार आहे ती जागची हलत नाही, फक्त मोठी होत जाते. जहाजावरचे खलाशी हे पिढ्यान् पिढ्या शिकतात: दुसरं जहाज जवळ येतंय आणि त्याची दिशा बदलत नाही, तर टक्कर ठरलेली. आपला डोळा सरकणाऱ्या गोष्टीकडे आधी धावतो. म्हणजे निरुपद्रवी गोळ्यांकडे माझं सगळं लक्ष, आणि जीवघेणी गोळी शांतपणे फुगत येतेय.

मग वाटलं, दोन डोळ्यांचा उपयोग कशाला? व्हीआरची सगळी शेखी तीच ना: दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र, आणि त्यातून खोलीची, म्हणजे जवळ-दूरची जाण. इथं थोडा हिशेब. माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिलिमीटर. एक मीटरवरच्या वस्तूकडे बघताना दोन डोळ्यांच्या नजरेत साधारण 3.6 अंशांचा कोन होतो. वस्तू 10 सेंटिमीटर मागे नेली तर तो अंशाच्या तिसऱ्या भागानं घटतो. भाच्याच्या हेडसेटमध्ये एका अंशात सुमारे 20 ठिपके बसतात (पौर्णिमेचा चंद्र त्यात जेमतेम 10 ठिपके रुंद दिसेल), म्हणजे हा फरक सहा-सात ठिपक्यांचा. डोळ्याला लख्ख कळतो. आता दोन विमानं 30 आणि 40 मीटरवर ठेवा. मध्ये 10 मीटरचं अंतर, आणि फरक एका ठिपक्यापेक्षाही कमी. सत्तर-पंच्याहत्तर मीटरपलीकडे तर सगळंच एका पडद्यावर चिकटवल्यासारखं.

प्रत्यक्षातही असंच असतं. राजहंसगडावर उभं राहून आभाळातलं विमान बघा. दोन डोळ्यांनी बघितलं काय, एक मिटून बघितलं काय, ते किती दूर आहे हे सांगता येत नाही. ढगामागे गेलं की एवढंच कळतं की ढग अलीकडे आहे. खऱ्या मापाचं आकाश व्हीआरमध्ये आणलं तर खोली मिळत नाही, ती मिळते हाताच्या आसपास.

दुसऱ्या आवृत्तीत भाच्यानं कॉकपिट मोडलं. आता समोर चौरंगाएवढं आकाश, खाली सरकणारा खेळण्यातला समुद्र, आणि वीतभर विमान माझ्या मुठीत. लहानपणी पत्र्याचं विमान हातात धरून तोंडानं घुर्र करत अंगणभर फिरायचो, अगदी तसं. मी उडत नाही, विमान उडतं. त्यामुळे कानाची तक्रार नाही. हाताची हालचाल आणि चित्र यांत उशीर झाला तर मात्र सगळं फसतं. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत 20 मिलिसेकंदांच्या आत सगळं उरकावं, असा या क्षेत्रातला दंडक आहे. 90 हर्ट्‌झच्या पडद्याला, म्हणजे सेकंदाला 90 चित्रं दाखवणाऱ्या पडद्याला, एका चित्रासाठी 11 मिलिसेकंद मिळतात, तेव्हा हेडसेट मान पुढच्या क्षणी कुठं असेल याचा अंदाज बांधून चित्र काढतो आणि दाखवण्याआधी शेवटच्या घडीला थोडं सरकवून घेतो.

चौरंग किती जवळ असावा यालाही मर्यादा आहे. हेडसेटच्या भिंगांमुळे डोळ्याचं फोकस कायम दीड-दोन मीटरवर धरलेलं असतं. विमान नाकाजवळ आणलं की बुबुळं आत वळतात, फोकस मात्र लांबच राहतं. दहा मिनिटांत कपाळ चढतं. हातभर अंतर ठीक, त्याहून जवळ नको.

एवढं होऊनही उंची चुकायची. माझं विमान शत्रूच्या बोटभर वर, गोळी खालून जायची आणि भाचा म्हणायचा नेम धर. शेवटी जुन्या खेळाकडेच जावं लागलं. सेगाच्या 1982 सालच्या 'झॅक्सॉन'मध्ये तिरक्या कोनातून दिसणाऱ्या विमानाची सावली जमिनीवर पडायची आणि तिच्यावरून उंची कळायची. भाच्यानं प्रत्येक विमानाखाली समुद्रावर काळा ठिपका टाकला. दोन डोळे, लाखो ठिपके, हालचाल टिपणारे चार कॅमेरे, आणि काम झालं ते एका काळ्या ठिपक्यानं.

कोलांटी मात्र नव्या आवृत्तीत बटणावर नाही. मनगट पूर्ण फिरवलं की विमान उलटं होऊन गोळ्यांवरून जातं, तेही तीनदाच. पहिल्याच दिवशी तिसरी कोलांटी मारताना माझा हात शोकेसवर आपटला आणि आईचा काचेचा मोर गेला. तेव्हापासून खेळ गच्चीवर, ऊन उतरल्यावर.