हरितगृह परिणाम आणि ग्रहांचे तापमान

हरितगृह परिणाम : सूर्यप्रकाशाने तापलेला ग्रहाचा पृष्ठभाग अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर टाकतो. वातावरणातील काही वायू आणि ढग हे प्रारण शोषतात, त्यामुळे पृष्ठभाग नुसत्या सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने निघतो त्याहून अधिक उबदार राहतो. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात. पृथ्वीवर ही वाढ सुमारे ३३° से. आहे, शुक्रावर ५०० अंशांहून जास्त, तर मंगळावर जेमतेम काही अंश. शुक्र आणि मंगळ या दोघांच्याही वातावरणात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे, तरी एक भट्टी आहे आणि दुसरा गोठलेला. त्यामुळे वायूची टक्केवारी पाहून फारसे काही कळत नाही. अवरक्त प्रारण अवकाशात कोणत्या उंचीवरून निसटते आणि तो थर किती थंड आहे, यावर सारे ठरते.

तापमानाचा हिशेब : पृथ्वीच्या अंतरावर सूर्यकिरणांना लंब धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर १,३६१ वॉट ऊर्जा पडते. ग्रह सूर्यप्रकाश अडवतो तो वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाने, पण उष्णता बाहेर टाकतो पूर्ण गोलाच्या पृष्ठभागावरून. गोलाचा पृष्ठभाग त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या चौपट असतो, म्हणून या आकड्याला ४ ने भागायचे. सुमारे ३० टक्के प्रकाश ढग, बर्फ आणि जमीन परत उधळून लावतात. हे प्रमाण म्हणजे अल्बेडो. ते वजा करून दर चौरस मीटरला सुमारे २३८ वॉट उरतात. पृष्ठभाग किती ऊर्जा बाहेर टाकतो ते त्याच्या केल्विनमधील तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, हा स्टीफन-बोल्ट्झमन नियम. त्यानुसार या संख्येला ५.६७ × १०⁻⁸ ने भागून चौथे मूळ काढले की २५५ केल्विन, म्हणजे उणे १८° से. मिळते. याला ग्रहाचे परिणामी तापमान म्हणतात. पृथ्वीचा पृष्ठभाग मात्र सरासरी २८८ केल्विनवर असतो आणि दर चौरस मीटरला सुमारे ३९० वॉट बाहेर टाकतो. त्यातले सुमारे १५० वॉट अवकाशात पोहोचत नाहीत. हा फरक म्हणजेच हरितगृह परिणाम.

हे गणित करताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, तापमान केल्विनऐवजी सेल्सिअसमध्ये घेणे. चतुर्थ घाताच्या नियमात त्याने उत्तर निरर्थक होते. दुसरी चूक सूक्ष्म आहे. चंद्रासारख्या वातावरणहीन गोलावर दिवस-रात्रीच्या तापमानांत प्रचंड तफावत असते. तिथे तापमानांची साधी सरासरी परिणामी तापमानापेक्षा बरीच कमी भरते, कारण चतुर्थ घातामुळे तापलेली बाजूच बहुतेक ऊर्जा बाहेर टाकते. अशा गोलाच्या सरासरीची पृथ्वीशी सरळ तुलना करू नये.

कार्बन डायऑक्साइडच का : हवेत ९९ टक्के वाटा नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा आहे. त्यांच्या रेणूंत दोन सारखेच अणू असतात. असा रेणू कंप पावला तरी त्याच्या विद्युतभारांची मांडणी एकांगी होत नाही, म्हणून पृथ्वीवरून निघणारे अवरक्त प्रारण तो जवळजवळ शोषतच नाही. कार्बन डायऑक्साइडचा सरळ रेषेतला रेणू वाकतो तेव्हा ती मांडणी बदलते आणि १५ मायक्रोमीटरच्या आसपासचे प्रारण शोषले जाते. पृथ्वी ज्या तरंगलांब्यांत उष्णता बाहेर टाकते त्यांच्या ऐन मध्यात हा पट्टा येतो. शोषलेली ऊर्जा तो रेणू फार काळ बाळगत नाही. स्वतःहून प्रारण सोडायला त्याला सेकंदाच्या पट्टीतला वेळ लागतो, तर पृष्ठभागाजवळच्या हवेत शेजारच्या रेणूशी टक्कर सेकंदाच्या अब्जाव्या भागातच होते. म्हणून ऊर्जा आधी आजूबाजूच्या हवेत मुरते आणि तो थर आपल्या तापमानानुसार वर व खाली प्रारण टाकत राहतो.

उत्सर्जनाची उंची : १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्याच्या मध्यभागी जमिनीवरून निघालेले प्रारण काही मीटरांतच शोषले जाते. तिथून वर ते थरामागून थर शोषले व सोडले जाते. हवा पुरेशी विरळ झाली की मगच ते अवकाशात सुटते. तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात, उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५° से. कमी होते. सगळ्या तरंगलांब्या मिळून पृथ्वीचे प्रारण सरासरी ५ किमी. उंचीवरून सुटते असे धरा. ५ ला ६.५ ने गुणले की तेच ३३ अंश हाती येतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही उंची वर सरकते. वरचा थर अधिक थंड, म्हणून तो कमी प्रारण टाकतो. येणारी ऊर्जा तेवढीच असल्याने हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचा सगळा स्तंभ तापत जातो. दीडशे मीटरांची सरक म्हणजे पृष्ठभागावर सुमारे एक अंश. १९७० मधील निंबस-४ उपग्रहाने घेतलेल्या वर्णपटात (तरंगलांबीनुसार प्रारणाच्या नोंदीत) हे उघड दिसते : ८ ते १२ मायक्रोमीटरच्या खिडकीतून उबदार जमिनीचे प्रारण येते, तर १५ मायक्रोमीटरला खोल खळगा आहे, कारण तिथले प्रारण सुमारे २२० केल्विनच्या थरातून आलेले असते.

‘या पट्ट्यात शोषण आधीच पूर्ण होते, मग वायू वाढून काय फरक पडणार?’ हा आक्षेप १९०० च्या सुमारास स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ क्नुट ऑंगस्ट्रॉम यांच्या प्रयोगातून पुढे आला. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तापमान किती वाढेल याचे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये मांडलेले गणित त्यामुळे अनेक दशके बाजूला पडले. आक्षेपात दोन गोष्टी सुटल्या होत्या. पट्ट्याच्या कडांवर शोषण पूर्ण झालेले नसते, आणि पृष्ठभागाचे तापमान ठरते ते वरच्या विरळ थरात, जिथून प्रारण सुटते. कडांवरचे शोषण सावकाश वाढते, म्हणून परिणाम लघुगणकी असतो : २८० पीपीएमचे (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे २८० रेणू) ५६० होवोत किंवा ५६० चे १,१२०, दर दुपटीला भर सारखीच, दर चौरस मीटरला सुमारे ४ वॉट. बाकी काही बदलले नाही तर एवढ्याने सुमारे १.२° से. वाढ होते. पण बाकीचे बदलतेच. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि बाष्प स्वतःच प्रबळ हरितगृह वायू आहे. बर्फ वितळून अल्बेडो घटतो, ढग बदलतात. हे सारे धरून दुपटीमागे अंदाजे ३° से. वाढ धरली जाते, २.५ ते ४ अंश ही त्याची संभाव्य मर्यादा.

पृथ्वीच्या हरितगृह परिणामात बाष्पाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाचवा हिस्सा, त्यामुळे दोष बाष्पाला द्यावासा वाटतो. पण जादा बाष्प काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते; हवेत ते किती राहील हे तापमान ठरवते. कार्बन डायऑक्साइड पृथ्वीवरच्या तापमानात गोठत नाही. तो काढून घेतला तर हवा थंडावेल, बाष्पही गळून जाईल आणि बर्फ पसरत जाईल.

शुक्र आणि मंगळ : शुक्र सूर्याच्या जवळ आहे, पण गंधकाम्लाचे ढग तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रकाश परतवतात. त्यामुळे तो दर चौरस मीटरला सुमारे १५० वॉटच शोषतो, म्हणजे पृथ्वीपेक्षाही कमी, आणि त्याचे परिणामी तापमान २२७ केल्विन येते. तरी पृष्ठभाग ७३७ केल्विनवर आहे. कारण तिथे प्रारण सुटते ते ६५ किमी.च्या आसपासच्या ढगांच्या थरातून, आणि तिथून खाली दर किलोमीटरला सुमारे ८ अंश वाढत जातात. ‘शुक्राची उष्णता ९२ बार (पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या सुमारे ९० पट) दाबामुळे आहे’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. हवा दाबली जाताना एकदाच तापते. ती अवरक्त प्रारणाला पारदर्शक असती तर पृष्ठभागाने ही उष्णता केव्हाच अवकाशात टाकली असती. शुक्रावर जड हायड्रोजनचे (ड्यूटेरियमचे) प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून अधिक आहे; पाण्यातला साधा, हलका हायड्रोजन अवकाशात अधिक सहज निसटतो, त्यावरून तिथले पुष्कळ पाणी उडून गेले असावे असे मानतात. पाणी गेल्यावर कार्बन डायऑक्साइडला खडकात बांधून ठेवणारी यंत्रणाही उरली नाही. पृथ्वीवर पाऊस, खडकांची झीज आणि समुद्रतळाशी साचणारा चुनखडक हेच काम करतात, पण त्यांची गती लाखो वर्षांची आहे.

मंगळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड आहे. पृथ्वीवर साडेसहा किलोच्या आत-बाहेर. वीसपटींहून अधिक वायू असूनही परिणाम नगण्य का? दाब पृथ्वीच्या शंभराव्या भागाहून कमी असल्याने रेणूंच्या टकरी विरळ होतात, शोषणरेषा (वायू ज्या ठरावीक तरंगलांब्या शोषतो त्या) अरुंद राहतात आणि त्यांच्यामधल्या फटींतून प्रारण निसटते. बाष्पही जवळजवळ नाही. पृथ्वीवरचा नायट्रोजन स्वतः अवरक्त शोषत नसला, तरी टकरींनी कार्बन डायऑक्साइडच्या शोषणरेषा रुंद करून तो हातभार लावतोच.

प्रात्यक्षिकातील फसगत : एका बाटलीत हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरून दिव्याखाली दोन्हींतले तापमापक वाचणे हा शाळांतला लोकप्रिय प्रयोग. दुसरी बाटली अधिक तापते, पण त्याचे मुख्य कारण वायू जड असल्याने वरच्या हवेत मिसळत नाही आणि उष्णता बाहेर नेत नाही, हे आहे. अवरक्त शोषण न करणारा आर्गॉन भरला तरी तसेच घडते. खरे शोषण दाखवायचे तर पेटती मेणबत्ती ४.३ मायक्रोमीटरच्या (या वायूच्या दुसऱ्या शोषणपट्ट्याच्या) गाळणीच्या अवरक्त कॅमेऱ्यातून, दोन्ही टोकांना पारदर्शक पडदे असलेल्या नळीतून पाहावी. नळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ज्योत दिसेनाशी होते. पडद्यांना साधी काच चालत नाही, ती स्वतःच या प्रारणाचा मोठा भाग अडवते. इमारतींच्या तपासणीत वापरला जाणारा नेहमीचा उष्णता-कॅमेराही उपयोगाचा नाही : तो ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये पाहतो आणि त्या खिडकीत हा वायू जवळपास पारदर्शक असतो.