कार्यस्थळातील गोंदण व अंगवेधन

गोंदण (टॅटू) किंवा अंगवेधन (पिअर्सिंग) केलेल्या व्यक्तीकडे मालक, वरिष्ठ, सहकारी व ग्राहक ज्या दृष्टीने पाहतात ती दृष्टी आणि तिच्यातून उद्भवलेले नोकरभरतीचे संकेत, गणवेशाचे नियम व न्यायालयीन निर्णय यांचा विचार या विषयात केला जातो. कानाच्या पाळीला एकच छिद्र पाडून घातलेला दागिना स्त्रियांच्या बाबतीत बहुतेक नियमावल्या अंगवेधन म्हणून धरीतच नाहीत. वाद होतो तो भुवई, नाकपुडी, ओठ, जीभ यांवरील दागिन्यांचा आणि पुरुषाच्या कानातील बाळीचा.

या दोन प्रथांचा उल्लेख जोडीने होत असला, तरी कामाच्या ठिकाणी त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. गोंदण सहसा कायमचे असते, पण कपड्याखाली झाकता येते. अंगवेधनातील दागिना काढता येतो, पण तो बहुधा चेहऱ्यावरच असल्याने झाकणे अवघड जाते. त्यामुळे गोंदणाचे नियम जागा, आकार व आशय यांभोवती फिरतात, तर अंगवेधनाचा नियम ‘कामाच्या वेळेत दागिना काढून ठेवावा’ एवढ्या वाक्यात आटोपतो. हे वाक्य नियम लिहिणाऱ्याला वाटते तितके साधे नाही. कानाच्या पाळीचे नवे छिद्र भरून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात, कूर्चेला (कानाच्या वरच्या कडक भागाला) कित्येक महिने लागतात, आणि त्या अवधीत दागिना काढून ठेवल्यास छिद्र लवकर बुजते. त्यावर तोडगा म्हणून काच किंवा प्लॅस्टिकची पारदर्शक कांडी छिद्रात घालून कामावर जाण्याची पद्धत रूढ झाली.

उगम : कार्यस्थळातील नापसंतीचे मूळ कोठे शोधावे याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत ते दंडचिन्हांत शोधते. ग्रीक व रोमन जगात गुलामांच्या व गुन्हेगारांच्या अंगावर खुणा केल्या जात. या खुणा तापलेल्या लोखंडाने डागलेल्या असत, असे पूर्वीचे कोशकार धरून चालत, सी. पी. जोन्स यांनी १९८७ मध्ये साधार दाखवून दिले की त्यांपैकी बहुतेक शाईने गोंदलेल्या असाव्यात, आणि हेच मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३१५ किंवा ३१६ मध्ये काढलेल्या आज्ञेने शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर अशी खूण करण्यास मनाई केली, मात्र हात व पोटऱ्या यांवर ती करण्याची मुभा ठेवली. चेहरा आणि हात यांत भेद करणारा हा जुना दंडक आजच्या गणवेश-नियमांशी ताडून पाहण्याजोगा आहे, अर्थात दोहोंमागील हेतू निराळे आहेत. जपानमध्ये अठराव्या शतकात, साधारणतः १७२० पासून, गोंदणाची शिक्षा रूढ झाली व १८७० मध्ये ती रद्द झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील १७९७ च्या विनियमानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदण्यात येई. ही पद्धत १८४९ मध्ये थांबली. ब्रिटिश सैन्यात पळून जाणाऱ्या शिपायाच्या अंगावर उमटविली जाणारी ‘डी’ ही खूण १८७१ मध्ये बंद झाली. या शेवटच्या उदाहरणात खूण करणारा आणि कामावर ठेवणारा एकच आहे, म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते विशेष महत्त्वाचे ठरते.

दुसरे मत गोंदणाच्या आधुनिक सामाजिक दर्जावर भर देते. कॅप्टन जेम्स कुक १७६९ मध्ये ताहितीला पोहोचला आणि त्याच्या खलाशांनी ही कला युरोपात नेली, म्हणून ती खलाशी, गोदी-कामगार अशा वर्गांची ठरली, हे विवेचन अनेक जुन्या संदर्भग्रंथांत आढळते. तथापि जेरूसलेमला जाणारे युरोपीय यात्रेकरू त्याआधीच हातावर क्रूस गोंदवून परतत असत, हे सोळाव्या-सतराव्या शतकांतील वृत्तांतांवरून दिसते. तेव्हा कुकमुळे प्रथेचा प्रारंभ झाला असे न म्हणता तिला नवे नाव व नवी नमुनेशैली मिळाली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय. शिवाय ती खालच्या वर्गापुरती राहिलीही नाही. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या ब्रिटिश युवराजाने १८६२ मध्ये जेरूसलेम येथे क्रूस गोंदवून घेतला, तर त्याचा पुत्र, नंतरचा पाचवा जॉर्ज, याने १८८१ मध्ये जपानच्या भेटीत हातावर ड्रॅगन काढवून घेतला. लांब बाहीच्या अंगरख्याखाली असलेल्या या चित्रांनी त्यांच्या प्रतिष्ठेला बाध आल्याचे दिसत नाही.

इटालियन गुन्हाशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो याने १८७६ पासून गोंदणाला जन्मजात गुन्हेगारी प्रवृत्तीचे लक्षण ठरविले. फ्रेंच वैद्य अलेक्झांद्र लाकासान्य याने सैनिकांच्या गोंदणांचा मोठा संग्रह करून १८८१ मध्ये मांडणी केली आणि आनुवंशिकतेपेक्षा परिस्थितीवर भर दिला. अलंकरणाला अपराधाशी जोडणारा वास्तुतज्ज्ञ आडोल्फ लोस याचा निबंध परंपरेने १९०८ चा मानतात. त्याचे व्हिएन्नातील व्याख्यान १९१० मधील असल्याने अलीकडचे काही अभ्यासक लेखनकाल एखाददोन वर्षे पुढे ओढतात. या लेखनाचा सुशिक्षित मतावर परिणाम झाला, यात शंका नाही. परंतु कारखान्याच्या मुकादमाने मजुराचा दंड तपासून कामावर घेतल्याचे प्रसंग या मांडणीतून आपोआप सिद्ध होत नाहीत, आणि गुन्हाशास्त्राला सगळे श्रेय देणारी विवेचने या टप्प्यावर थोडी घाई करतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोजगार कारखान्यांकडून दुकाने, हॉटेले, बँका, विमानसेवा अशा सेवाक्षेत्रांकडे सरकला आणि कामगाराचे दिसणे हाच विक्रीचा भाग बनला, हे तिसरे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते. ख्रिस वॉरहर्स्ट व डेनिस निकसन या ब्रिटिश अभ्यासकांनी यासाठी ‘सौंदर्यात्मक श्रम’ ही संकल्पना रूढ केली. गोदामातील हमालाच्या मानेवरील चित्राला कोणी हरकत घेत नाही आणि स्वागतकक्षातील माणसाच्या मनगटावरील लहानशा चांदणीवरून चर्चा होते, याचा उलगडा दंडचिन्हांच्या इतिहासापेक्षा या संकल्पनेने चांगला होतो. भरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या मुलाखती घेऊन अँड्र्यू टिमिंग यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच सूत्र आढळते : ‘माझी हरकत नाही, पण गिऱ्हाइकांना आवडणार नाही’ या धर्तीवर नापसंतीचा भार ग्राहकावर टाकला जातो. हाताचे पंजे, मान व चेहरा यांवरील गोंदणाला त्या व्यवसायातील इंग्रजी भाषक कारागीर ‘जॉब स्टॉपर’ (नोकरीतील अडसर) म्हणतात, आणि अंगावर दुसरे काही गोंदवलेले नसलेल्या तरुण गिऱ्हाइकाच्या या भागांवर काम करण्यास त्यांपैकी बरेच जण आजही नकार देतात.

न्यायालयीन भूमिका : गोंदण किंवा अंगवेधन यांना स्वतंत्र संरक्षण देणारे कायदे विरळ आहेत. बहुतेक देशांत दाद मागायची ती धर्म, लिंग किंवा ‘शारीरिक स्वरूप’ अशा एखाद्या मान्य सदरात विषय बसवून. ब्रिटनमध्ये तर वाट मुद्दाम बंद केलेली आहे. २०१० च्या समता कायद्याखालील अपंगत्वविषयक नियमांत गंभीर विद्रूपता हे अपंगत्व मानले आहे. मात्र पुसून न टाकलेले गोंदण आणि वैद्यकीय कारणाशिवाय केलेले अंगवेधन यांना त्यातून नावानिशी वगळले आहे.

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील धर्मविषयक तरतुदीचा आधार घेतला जातो. कॉस्टको या विक्रीसाखळीतील एका रोखपाल स्त्रीने, भुवईतील कडी हा आपल्या पंथाचा आचार असल्याचे सांगितले. कडीवर पट्टी लावणे किंवा पारदर्शक कांडी घालणे हे पर्याय चर्चेत येऊनही तडजोड झाली नाही आणि संघराज्याच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये निकाल दिला, की नीटनेटकी सार्वजनिक प्रतिमा राखण्यात मालकाचा हितसंबंध आहे आणि सरसकट सूट देणे हा त्याच्यावर अवाजवी भार ठरेल. याउलट प्राचीन ईजिप्शियन धर्माच्या एका अनुयायाच्या दोन्ही मनगटांभोवती पाव इंचाहूनही कमी रुंदीची गोंदलेली पट्टी होती. ती झाकणे त्याच्या श्रद्धेत निषिद्ध असल्याने रेड रॉबिन या उपाहारगृह-साखळीने त्याला कामावरून काढले, आणि हे प्रकरण २००५ मध्ये दीड लाख डॉलर देऊन मिटविले गेले. ‘अवाजवी भार’ ठरण्यासाठी खर्चात भरीव वाढ दाखवावी लागेल, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका वेगळ्या धार्मिक सवलतीच्या प्रकरणात म्हटल्याने २००४ च्या निकालाचा पाया आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही.

फ्रान्समध्ये शारीरिक स्वरूपावरून भेदभाव करण्यास २००१ पासून कामगार कायद्यानेच मनाई आहे. तेथे एका उपाहारगृहातील वाढप्याला कानात बाळ्या घालतो म्हणून काढून टाकण्यात आले. ग्राहकसेवेत असलेल्या ‘तुमच्यासारख्या पुरुषाच्या’ कानात बाळ्या खपवून घेता येणार नाहीत, अशा अर्थाचे वाक्य मालकाने बडतर्फीच्या पत्रातच लिहिले होते आणि तेच त्याला भोवले. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०१२ मध्ये हा लिंगाशी निगडित भेदभाव ठरविला.

जर्मन न्यायालयांनी कोणी नियम करावा, या प्रश्नाला अधिक महत्त्व दिले. पोलिसांच्या गोंदणावर निर्बंध घालणे म्हणजे त्यांच्या खाजगी आयुष्यात हात घालणे होय, कारण चित्र कामावरून घरी जाताना काढून ठेवता येत नाही. म्हणून असा निर्बंध परिपत्रकाने नव्हे तर कायद्यानेच घालावा लागेल, असे संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. बव्हेरियातील एका पोलिसाला हातावर ‘अलोहा’ हा शब्द गोंदवून घ्यायचा होता. त्याने रीतसर परवानगी मागितली, ती नाकारण्यात आली, आणि तेथील राज्यकायदा पुरेसा स्पष्ट असल्याचे सांगून याच न्यायालयाने २०२० मध्ये नकार कायम ठेवला. शब्द निरुपद्रवी होता याला महत्त्व मिळाले नाही. उन्हाळी गणवेशात हाताचा तो भाग दिसतो, हे निर्णायक ठरले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाह्यस्वरूपाविषयीचा संघीय कायदा २०२१ मध्ये झाला.

गणवेशधारी सेवा : सैन्य व पोलीस यांत नियम सर्वांत बारकाईने लिहिलेले आढळतात. अमेरिकन भूसेनेने २०१४ मध्ये कोपर व गुडघा यांखाली फार तर चार आणि प्रत्येकी हाताच्या पंज्याहून लहान गोंदणे चालतील, असा दंडक घातला. पुढच्याच वर्षी तो मागे घेतला आणि २०२२ मध्ये प्रत्येक हाताच्या पंज्यावर एक इंचापर्यंत, तर मानेच्या मागे दोन इंचांपर्यंत चित्रास परवानगी दिली. भरतीसाठी उमेदवार मिळणे कठीण झाले होते, ही बाब या उदारतेशी जोडून पाहावी लागते. भारतातील केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय निकषांत कोपराखालील हाताच्या आतल्या बाजूवरील गोंदण चालते, मात्र ते डाव्या, म्हणजे सलाम न करणाऱ्या, हातावर आणि त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावे लागते. लंडनच्या महानगर पोलीस दलाने २०१२ मध्ये घातलेली दृश्य गोंदणावरील बंदी २०१८ मध्ये सैल केली.

जपानमध्ये गोंदणावर १८७२ मध्ये घातलेली बंदी १९४८ मध्ये उठली, तरी संघटित गुन्हेगारीशी असलेल्या साहचर्यामुळे संशय टिकून राहिला. ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी २०१२ मध्ये महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून गोंदणाची लेखी माहिती मागविली आणि ती देण्यास नकार देणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई केली. अशी कारवाई बेकायदा असल्याचा निर्णय २०१४ मध्ये जिल्हा न्यायालयाने दिला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरविला.

न्यूझीलंडमध्ये प्रश्नाचे स्वरूपच उलटे आहे. तेथील मूळ रहिवासी माओरींचे मोको हे पारंपरिक गोंदण वंशावळ व समाजातील स्थान दर्शविते, त्यामुळे ते झाकायला सांगणे हाच अपमान ठरतो. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांना दृश्य गोंदणाची मुभा दिली, आणि हनुवटीवर मोको असलेल्या ननाया माहुता २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या. खाजगी सेवाक्षेत्रातील मोठ्या संस्थांचे नियमही याच सुमारास बदलले : स्टारबक्सने २०१४ मध्ये, डिस्नेच्या उद्यानांनी २०२१ मध्ये व व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांवरील बंधने शिथिल केली. चेहरा व गळा यांवरील मनाई मात्र सहसा कायम ठेवली जाते.

वेतन व रोजगार यांवरील परिणामाबाबत समज आणि आकडे यांत अंतर दिसते. मायकेल फ्रेंच व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, दोन हजारांहून अधिक अमेरिकन प्रौढांच्या पाहणीत गोंदण असलेल्यांना काम मिळण्यात किंवा वेतनात तोटा झाल्याचे आढळले नाही. मात्र मानेवर चित्र असलेला माणूस बँकेच्या गल्ल्यावरील जागेसाठी मुळात अर्जच करीत नसेल, तर तो तोटा अशा आकड्यांत उमटणार नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीनुसार ३२ टक्के अमेरिकन प्रौढांच्या अंगावर किमान एक गोंदण आहे. स्त्रियांत हे प्रमाण ३८ टक्के व पुरुषांत २७ टक्के आहे.

अंगवेधनाबाबत आवडीनिवडीपलीकडची काही कारणे आहेत. फिरत्या यंत्रांजवळ लोंबती कडी अडकून त्वचा फाटू शकते. अन्नप्रक्रियेत सुटलेला मणी मालात पडतो. विजेच्या कामात धातूचा दागिना धोक्याचा ठरतो. चुंबकीय प्रतिमाचित्रण (एमआरआय) यंत्राच्या कक्षात लोहयुक्त दागिना नेता येत नाही. निकेलच्या ॲलर्जीचा त्रास सतत ओल्या हातांनी किंवा घामाने भिजून काम करणाऱ्यांना अधिक जाणवतो. युरोपीय संघात निकेलवरील निर्बंधाचा मूळ निर्देश १९९४ चा आहे. सध्याच्या नियमानुसार टोचलेल्या छिद्रात घालावयाच्या भागातून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटणे आवश्यक आहे, तर त्वचेला नुसत्या टेकणाऱ्या इतर वस्तूंसाठी ही मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे.