भिंतीतलं विसण

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरी अंघोळीचं पाणी बंबात तापायचं. बादलीत आधी कढत पाणी, मग त्यात विसण, म्हणजे गार पाणी. विसण किती, हे आजी कोपर बुडवून ठरवायची. तेवढ्यात कुणी हौदाकडून हाक मारली तरी बादलीतलं पाणी काही बदलायचं नाही. शॉवरचं तसं नसतं. तिथे विसण सतत चालू असतं, आणि घरात दुसऱ्या कुणी फ्लश ओढला की त्याचं माप चुकतं.

राजारामपुरीतल्या मावशीच्या बंगल्यात हे माप सांभाळायला भिंतीतल्या व्हॉल्व्हमध्ये एक काट्रिज आहे. काट्रिज म्हणजे शब्दशः काडतूस, आणि दिसायलाही तसंच. मावसभावाने अमेरिकेहून येताना अख्खा व्हॉल्व्हच बॅगेतून आणला होता. पाच वर्षं तो नीट चालला. गेल्या महिन्यात मात्र मूठ पार गरमकडे फिरवली तरी पाणी कोमटच येऊ लागलं. मिस्त्रींनी आधी सोलरवर संशय घेतला, पण त्याच लाईनवरच्या स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावला तर चटका बसला. मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, “काकू, ह्यो नळ आपल्याकडचा न्हाई ओ.”

ते बरोबरच होतं. आपल्याकडच्या बहुतेक एकमुठी मिक्सरमध्ये दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात आणि गरम-थंडाची भोकं कमी-जास्त उघडतात. मूठ हलली नाही की भोकंही हलत नाहीत. पण भोक तेवढंच राहिलं म्हणून पाणी तेवढंच येतं असं नाही. भोकातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं.

ढोबळ हिशेब करून बघू. सोलरचं पाणी ६० अंश, टाकीचं २४ अंश. गरमाचे ४ भाग आणि थंडाचे ५ भाग मिसळले की बरोबर ४० अंश. आता खाली कुणीतरी फ्लश ओढला आणि थंड लाईनचा दाब एक चतुर्थांशावर आला. वर्गमूळ काढलं तर थंड पाणी निम्मं झालं, ५ ऐवजी अडीच भाग. गरम तेवढंच. मिश्रण गेलं ४६ अंशांवर. सहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण डोक्यावरून साबणाचा फेस ओघळत असताना आणि डोळे मिटलेले असताना ते किरकोळ राहत नाहीत.

कातडीला किती उष्णता किती वेळ सोसते, हे हार्वर्डच्या मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी डुकरांच्या आणि माणसांच्या त्वचेवर प्रयोग करून मोजलं. ते निष्कर्ष १९४७ साली प्रसिद्ध झाले. ४९ अंशांना खोल भाजायला सुमारे नऊ-दहा मिनिटं लागतात, ६० अंशांना फक्त ५ सेकंद. मधल्या अकरा अंशांत मिनिटांची सेकंदं होतात. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना त्याहूनही कमी वेळ मिळतो. योगायोग असा, की त्याच १९४७ साली अमेरिकेत आल्फ्रेड मोएनचा एकमुठी नळ पहिल्यांदा विकला गेला. १९३७ साली विद्यार्थी असताना दोन तोट्यांच्या नळाखाली त्याचा हात पोळला होता, तिथून त्याला ही कल्पना सुचली. दोन तोट्या एका मुठीत आल्या खऱ्या, पण फ्लशची भानगड तेवढ्याने मिटणारी नव्हती.

ती मिटवते दाब समतोल ठेवणारी काट्रिज. तिच्या पोटात एका नळीत सरकणारा छोटा दट्ट्या असतो. त्याच्या एका टोकाला गरम पाणी रेटत असतं, दुसऱ्या टोकाला थंड. थंडाचा दाब पडला की गरम पाणी दट्ट्याला थंडाच्या बाजूला ढकलतं. दट्ट्या सरकला की गरमाची वाट अरुंद होते आणि थंडाची रुंद. म्हणजे गरम पाणी जोर करून स्वतःचाच रस्ता अडवतं! दोन्हीकडचा रेटा सारखा झाला की दट्ट्या थांबतो. वरच्या हिशेबात गरमही निम्म्यावर येतं, ४ ला ५ हे प्रमाण टिकतं, धार बारीक होते, पण पाणी ४० अंशच राहतं. वीज नाही, स्प्रिंग नाही, सेन्सर नाही.

मावसभाऊ मात्र पाच वर्षं सगळ्यांना सांगत होता, की हा व्हॉल्व्ह ‘टेंपरेचर कंट्रोल’ करतो. तापमान त्याला कळतच नाही. हा तराजू आहे, थर्मामीटर नव्हे. मे महिन्याच्या दुपारी सोलरचं पाणी ७० अंशांवर गेलं तर तोच ४ ला ५ चा हिशेब ४४ अंशांच्या पुढे जातो, आणि दट्ट्या जागचा हलत नाही, कारण दाब बदललेलाच नाही. तापमान ओळखायचं तर मेणाची कुपी असलेला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लागतो. त्यात मेण तापून फुगतं आणि गरमाची वाट आवळतं. माझं विचाराल तर सोलर असलेल्या घराला तोच जास्त शोभतो.

दुसरी गोष्ट दाबाची. अमेरिकेत घरगुती नळाला साधारण ३ ते ५ बार दाब असतो. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचा जोर किती, तर दर १० मीटर उंचीला १ बार. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर ०.३ बार. मावशीने थंड लाईनवर प्रेशर पंप बसवायचा घाट घातला होता, तो मी थांबवला. दट्ट्या दोन्ही बाजू कमी दाबाच्या बाजूइतक्या करतो. सोलरची बाजू ०.३ बारवर आहे तोवर पंपाचा जोर तिथेच जिरणार.

तर मग पाणी कोमट का? महिन्यापूर्वी गच्चीवर काम निघालं, म्हणून थंड लाईनचा कॉक चार दिवस बंद होता. एकट्या गरमाने दट्ट्या थंडाच्या टोकाला नेऊन दाबला, म्हणजेच गरमाची वाट जवळजवळ बंद केली. एरवी थंड पाणी आल्यावर तो परत सरकला असता. पण मावशीच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी पडतं. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. त्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पांढरा खार, मागे बसतो. बंबाच्या आत बसायचा तोच. दट्ट्या आणि नळी यांच्यातली फट डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक, तिथे खाराचा पातळ थरही पुरतो.

काट्रिज काढायला मिस्त्रींना अर्धा तास लागला. दोन्ही कॉक बंद केले, शॉवर उघडून उरलेलं पाणी सोडलं, मोरीच्या जाळीवर फडकं टाकलं. फडक्याला हसू नका, यू आकाराची पितळी क्लिप जाळीतून गेली तर ती लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही. मूठ, तबकडी, क्लिप, मग काट्रिज आधी किंचित पिळून सैल केली आणि सरळ ओढली. कानाशी धरून हलवली तर गप्प. चांगली काट्रिज खुळखुळ्यासारखी वाजते, आतला दट्ट्या मोकळा असतो ना!

मिस्त्री म्हणाले, “उद्यमनगरात टर्नरकडनं दट्ट्याच नवा करून घेऊ की.” कोल्हापुरी माणसाचा उद्यमनगरावरचा, म्हणजे तिथल्या कारखान्यांवरचा, विश्वास मला मान्य आहे, पण हा दट्ट्या आणि नळी जोडीने जुळवलेली असतात. जुनी काट्रिज रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. बुडबुडे भरपूर आले, खुळखुळा काही वाजला नाही. शेवटी मावसभावाने नवीन पाठवली.

बसवताना दोनदा थांबावं लागलं. मिस्त्रींनी ओ-रिंगला, म्हणजे काट्रिजवरच्या रबरी कड्याला, लावायला ग्रीसचा डबा काढला. पाण्याच्या व्हॉल्व्हमधलं ईपीडीएम नावाचं रबर खनिज तेलाने फुगतं, व्हॅसलीननेही. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं. मग काट्रिज उलटी बसली, गरम-थंडाची अदलाबदल झाली, पुन्हा काढून गरमाची खूण डावीकडे केली. मध्ये कॉक क्षणभर उघडून पाईपमधला कचरा बाहेर काढला, नाहीतर तो नव्या दट्ट्यात जाऊन बसला असता. सर्वांत शेवटी मुठीखालची दातेरी चकती. मूठ गरमकडे किती फिरू द्यायची ते ती ठरवते. ती भर दुपारी, सोलर सर्वांत तापलेलं असताना लावायला सांगितली, म्हणजे मूठ टोकाला नेली तरी पाणी ४९ अंशांच्या आतच राहील.

थर्मामीटर शॉवरखाली धरला, ४० अंश. मिस्त्रींनी खाली जाऊन फ्लश ओढला. धार निम्मी झाली, पारा जागचा हलला नाही. मी मोठ्या अपेक्षेने मावशीकडे पाहिलं.

“पाणी बारीक झालं की रे,” ती म्हणाली, आणि बादली मागवली.