वजन उतरले म्हणून तपासण्या कमी होत नाहीत

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेने वजन आटोक्यात आले की गर्भारपण चारचौघींसारखेच असते आणि वेगळ्या तपासण्या लागत नाहीत, हा बरीच वर्षे पसरलेला समज अर्धाच खरा आहे. रक्तदाबाचा आणि गर्भारपणातील मधुमेहाचा धोका घटतो. मात्र अन्नघटकांचे शोषण कमी झाल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे माप), बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व दर तिमाहीला तपासावे लागते, आणि बाळ वजनाने कमी भरण्याची शक्यता वाढत असल्याने त्याच्या वाढीवर सोनोग्राफीने लक्ष ठेवावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती साखरेची तपासणी. आपल्याकडे सर्रास ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात. गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून थेट आतड्याला जोडण्याची लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया) झालेल्या स्त्रीच्या पोटातून ते झपाट्याने आतड्यात उतरते, मळमळ, धडधड होऊन घाम सुटतो, पुढे साखर एकदम खाली येऊ शकते, आणि एवढे सोसूनही अहवाल भरवशाचा नसतो. त्याऐवजी २४ ते २८ आठवड्यांदरम्यान साधारण आठवडाभर घरीच ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी व जेवणानंतर साखर मोजता येते. शस्त्रक्रियेचे कागद पहिल्याच भेटीत दाखवावेत, कारण बायपासनंतर गर्भारपणात उठलेली तीव्र पोटदुखी पित्त समजून अंगावर काढण्याजोगी नसते. आतडे आतल्या आत अडकलेले असू शकते.