बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेलं भोक

पॉवरबोटीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित लहान म्हणजे २५ मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला सुमारे ६० लिटर पाणी आत शिरतं. तासाभरात साडेतीन टन. शाळेतल्या भौतिकशास्त्रावर हा हिशेब होतो: पाणी आत येण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ६० सेंटिमीटरला तो सेकंदाला जवळजवळ साडेतीन मीटर येतो, आणि भोकाच्या कडेशी धार आक्रसते म्हणून प्रत्यक्ष प्रवाह त्या मानाने सुमारे साठ टक्के धरायचा. भोक दुप्पट खोल गेलं तर पाणी दीडपटही वाढत नाही, पण व्यास दुप्पट झाला तर चौपट होतं.

इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आतच बसवलेलं, इंजिन असलेल्या जवळपास प्रत्येक बोटीला असं भोक असतं, आणि ते बनवणाऱ्याने होल-सॉ लावून स्वतः पाडलेलं असतं. कारण इंजिन गार ठेवायला समुद्रच आत घ्यावा लागतो. डिझेल इंजिन इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) पोचवतं. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, काही धुरावाटे जाते, काही थंड करणाऱ्या पाण्याला द्यावी लागते. १०० किलोवॅटच्या इंजिनाने पूर्ण वेगात पाण्याला ७० किलोवॅट उष्णता दिली आणि पाणी १५ अंशांनी तापू दिलं, तर मिनिटाला ७० लिटर समुद्र फिरवावा लागतो. मोटारीत हे काम रेडिएटरमधून जाणारी हवा करते. बोटीच्या बंद इंजिनखणात ती सोय नाही.

बहुतेक नव्या इंजिनांत खारं पाणी थेट इंजिनात शिरत नाही. आत कूलंट फिरतं आणि हीट एक्स्चेंजरमध्ये त्याची उष्णता समुद्राचं पाणी घेतं. पुढे तेच पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतात. शेकडो अंश तापलेला धूर त्यामुळे इतका निवतो की तो रबरी पाइपातून बाहेर नेता येतो. पाणी थांबलं की इंजिन तापतंच, शिवाय हा रबरी पाइपही जळायला लागतो.

पाणी ओढणारा पंप साधा असतो: रबरी पात्यांचं इम्पेलर. पाती पंपाच्या भिंतीला घासत फिरतात, आणि त्यांचं वंगण म्हणजे तेच पाणी. कोरडा पंप चालला तर मिनिटाभरातही पाती भाजून तुटू शकतात. तुटलेले तुकडे हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात. म्हणून नवं इम्पेलर बसवताना जुन्याचे तुकडे मोजायचे आणि एखादा कमी भरला तर शोधून काढायचाच. तो सोडून दिला, तर काही दिवसांनी इंजिन का तापतंय याचा उलगडा होता होत नाही.

इतक्या नाजूक पात्यांपर्यंत वाळू, शेवाळ, प्लास्टिकची पिशवी, जेलीफिश यांतलं काहीही पोचू नये म्हणून मध्ये गाळणी लागते. तिला सगळेच स्ट्रेनर म्हणतात. पावसाळ्यात मुंबई बंदराचं पाणी ज्याने पाहिलंय, त्याला तिची गरज वेगळी सांगायला नको. मोठ्या यंत्रांनाही हीच भीती असते. २०१३ च्या सप्टेंबरअखेरीस स्वीडनमधल्या ओस्कर्सहाम्न अणुवीज केंद्राची १४०० मेगावॅटची अणुभट्टी बंद करावी लागली, कारण समुद्राचं पाणी आत घेणारे पाइप जेलीफिशांच्या थव्याने तुंबले होते.

गाळणीच्या जाळीतल्या सगळ्या छिद्रांचं एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या क्षेत्रफळाच्या निदान तिप्पट-चौपट हवं, म्हणजे ती अर्धी भरली तरी इंजिनाला पाणी पुरतं. झाकण शक्य तर पाण्याच्या पातळीच्या वर यावं. पण या उंचीमुळे एक दोष लपून राहतो. गाळणी पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. झाकणाचं गॅस्केट झिजलं, तर पाणी बाहेर ठिबकत नाही, हवा आत शोषली जाते. खाली थेंबही दिसत नाही, आणि वर पंपाला पाण्याऐवजी फेस मिळतो. इंजिन तापतं, लोक इम्पेलर बदलतात, पुन्हा तापतं. पारदर्शक भांड्याची गाळणी मी पसंत करतो ती यासाठीच: इंजिन चालू असताना आत बुडबुडे धावताना दिसले की गॅस्केट आणि पाइपाची टोकं तपासायची. याच ओढीमुळे इथला पाइप तारेची गुंडाळी असलेला लागतो. साधा पाइप पंपाच्या ओढीने आतल्या आत चपटा होतो.

गाळणीच्याही आधी, तळाला लागूनच, व्हॉल्व्ह बसतो. त्याला सी-कॉक म्हणतात, आणि माझ्या मते या सगळ्या मांडणीत सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पुढे पाइप फाटो, क्लिप निसटो, गाळणी फुटो, हाताने एक दांडा पाव फेरा फिरवला की समुद्र बाहेर राहिला पाहिजे. घराच्या टाकीला असतो तसा चाकाचा गेट व्हॉल्व्ह इथे चालत नाही. तो उघडा आहे की बंद हे बघून कळत नाही, आणि बैठकीत एक शिंपला अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. अंधारातही हात लावून समजतं.

पण नुसता बॉल व्हॉल्व्ह तळातून आलेल्या नळीवर आवळून भागत नाही. नळीचे आटे बहुधा सरळ असतात आणि दुकानातल्या व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-चार आटे धरतात आणि मग फिरणं थांबतं. हाताला वाटतं घट्ट बसलं. खऱ्या सी-कॉकला रुंद बूड असतं, ते तळाला पक्कं बसतं आणि आटेही जुळतात. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं मानक असं की बसवलेल्या जोडणीने आतल्या टोकावर ५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे २२७ किलोंचा भार ३० सेकंद सोसला पाहिजे. ही अट अवास्तव नाही. लाटांत तोल गेलेला माणूस नेमका त्याच व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

आता धातू. आजीची काशाची वाटी आणि पितळेचं पातेलं शेजारी ठेवलं तर दोन्ही पिवळसर, पण समुद्रात त्यांचं नशीब वेगळं. कासं तांबं आणि कथिलाचं, पितळ तांबं आणि जस्ताचं. खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतलं जस्त हळूहळू विरघळून जातं आणि मागे गुलाबीसर, स्पंजासारखं सच्छिद्र तांबं उरतं. आकार तोच, आटे तेच, ताकद गेलेली. असा व्हॉल्व्ह एके दिवशी दांडा फिरवताना हातात तुटून येतो. म्हणून तळाखाली कांस्यच हवं, किंवा या कामासाठीच बनवलेलं काचतंतूयुक्त प्लास्टिक. नावाला मात्र भुलू नये: ब्रॉन्झ म्हणजे कांस्य, पण ‘मँगनीज ब्रॉन्झ’मध्ये जवळजवळ ४० टक्के जस्त असतं, ते खरं तर पितळच. स्टेनलेस स्टीललाही इथे मर्यादा आहे. त्याचं रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर टिकायला प्राणवायू लागतो, आणि बंद सी-कॉकच्या कोपऱ्यात साचलेल्या पाण्यात तो संपतो. मग फटीफटींतून गंज खोल जातो.

बसवणं हे एक दिवसाचं काम, बोट किनाऱ्यावर काढलेली असताना. फायबरग्लासचा तळ सँडविचसारखा असेल, तर भोकाभोवतीचा मधला थर, म्हणजे बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम, कोरून काढून तिथे इपॉक्सी भरायची, नाहीतर पाणी आतल्या आत पसरून तळ कुजवतं. आतून फायबरग्लासची जाड पट्टी, सगळीकडे सीलंट, पाइपाच्या टोकांवर शक्य तिथे दोन-दोन क्लिपा.

वेगवान बोटीत बाहेरून पुढे तोंड केलेली चमच्यासारखी जाळी लावतात. ३० नॉट (तासाला सुमारे ५५ किलोमीटर) वेगाला पाणी त्यात सुमारे सव्वा वातावरणाच्या दाबाने घुसतं, म्हणजे १२ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढ्या. पंपाला मदत होते, पण त्याच वेळी पाइप निसटला तर पाणी थांबलेल्या बोटीच्या तुलनेत साडेचार पट वेगाने आत येतं. अशा वेळी आधी थ्रॉटल मागे घ्यायचा, मग व्हॉल्व्हकडे धावायचं.

गाळणी साफ करताना इंजिन बंद, व्हॉल्व्ह बंद, मग झाकण उघडायचं. जाळी धुतल्यावर भांड्यात पाणी भरून झाकण लावलं, तर पंपाला सुरुवातीची हवा ओढावी लागत नाही. व्हॉल्व्ह पुन्हा उघडायला विसरणं ही इम्पेलर जाळण्याची सर्वांत नेहमीची रीत आहे. त्यावर तोडगा म्हणून इंजिनाची किल्ली सी-कॉकच्या दांड्यालाच अडकवतात: किल्ली घ्यायला खाली वाकलं की दांडा दिसतो. महिन्यातून एकदा तो फिरवायलाच हवा, कारण न हलवलेला व्हॉल्व्ह क्षारांनी आणि बार्नेकलनी (चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जिवांनी) जखडतो. आणि त्याच दांड्याला दोरीने एक मऊ लाकडाचं निमुळतं बूच बांधलेलं असतं, भोकाच्या मापाचं. पाण्यात ते फुगतं आणि घट्ट बसतं.