कचरापेटी, सेन्सरवर चालणारी

टाकलेली वस्तू धातूची आहे, ओली आहे की सुकी, हे साध्या सेन्सरने ताडून ती ज्या त्या कप्प्यात पाडणारे घरगुती उपकरण. मुंबईत ते बहुधा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत भेटते. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

वस्तू झडपेवर पडली की इन्फ्रारेड सेन्सर तिची वर्दी देतो. धातू ओळखतो तो इंडक्टिव्ह सेन्सर. त्याच्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, चुंबकीय क्षेत्रात धातू आला की धातूत भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) उठतात आणि कॉइलची ऊर्जा खातात. पल्ला जेमतेम काही मिलिमीटर, ॲल्युमिनियमसाठी त्याहूनही कमी. त्यामुळे वस्तू सेन्सरला जवळजवळ चिकटून पडावी लागते. ओल पाहायला कपॅसिटिव्ह सेन्सर असतो. पदार्थ विद्युत क्षेत्रात किती ऊर्जा साठवू देतो ते सांगणारा परावैद्युत स्थिरांक पाण्याचा सुमारे 80, तर बहुतेक प्लास्टिकचा 2 ते 4, त्यामुळे फरक चटकन कळतो. अर्डुइनोसारखा छोटा संगणकी बोर्ड ही मोजमापे वाचतो आणि सर्व्हो मोटर (हव्या त्या कोनात फिरणारी) झडप फिरवते.

खरी गोची शब्दात आहे. महापालिका ‘ओला कचरा’ म्हणते तेव्हा तिला कुजणारा कचरा अभिप्रेत असतो. सेन्सर मात्र शब्दशः ओलच मोजतो. शेंगांची टरफले, वाळलेले निर्माल्य, कडक झालेली भाकरी तो बिनदिक्कत सुक्यात ढकलतो आणि विसळलेली दुधाची पिशवी ओल्यात. जुलैच्या दमट हवेत तर सर्दावलेली रद्दीही त्याला चकवू शकते. शिवाय त्याला एका वेळी एकच वस्तू लागते. गाठ मारलेली पिशवी दाराबाहेर ठेवायची सवय असलेल्या घरात तो काय करणार?

मुंबईत 20,000 चौरस मीटरांहून मोठ्या किंवा रोज 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा महापालिकेचा 2017पासूनचा आग्रह आहे. खतखड्ड्यात प्लास्टिक गेले की खत बिघडते, म्हणून तिथे यंत्राची चूक महाग पडते. सुक्याची पुढची निवड धारावीतले कामगार हातानेच करतात. प्लास्टिकचा प्रकार ते स्पर्शावरून, वाकवून, आवाजावरून ओळखतात.

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी घरगुती घातक कचरा हा तिसरा वर्ग केला. त्यासाठी या पेटीत सेन्सरच नसतो. संपलेला पेन्सिल सेल धातू ठरून पत्र्याच्या डब्यांसोबत भंगारात जातो आणि मुदत संपलेले खोकल्याचे औषध, बाटलीतून सांडलेच तर, ओल्या कचऱ्यात.